चूप बैस, बेसलाइन हलते

गजू,

तुझ्या तेरवीला मी वांग्याची भाजी पुन्हा मागून घेतली. सगळ्यांदेखत. पंगतीत माणसं मान खाली घालून कसेबसे घास गिळत होती आणि मी वाढणाऱ्याला हाक मारून, पत्रावळीवर बोट दाखवून, "अजून, अजून" करत होतो. सुनीतावहिनींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडल्या. नंतर कळलं, हसल्या. म्हणाल्या, "थे असते तं म्हनले असते, सुध्याच्या पत्रावळीवर आधी झाकन ठेवा." मी ओशाळलो. घास तोंडातच होता, आणि तेव्हा मनात आलं की ही वांगी वडनेरची. तुमच्या वावरातली, त्या विहिरीच्या पाण्यावर वाढलेली. आणि त्या पाण्यात तणनाशक उतरलंय की नाही, हे आपल्याला अजून ठाऊक नाही.

घास गिळला. काय करणार. वांगी चांगली होती.

कॉलेजच्या शोकसभेत लोक तुझ्याबद्दल फार छान बोलले. अबोल, शिस्तीचा, कामाला वाहिलेला. ऐकून मलाच तुझा धाक वाटायला लागला. मग मला उभं केलं. रसायनशास्त्र विभागातला सगळ्यात बडबड्या माणूस, तुझा जिगरी दोस्त, म्हणजे आता निदान अर्धा तास सुटका नाही, अशा तयारीनं मंडळी मागे टेकून बसली. मी "गजाननसर" एवढं म्हणालो आणि खाली बसलो. प्राचार्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं, दुःख. दुःख होतंच रे. पण सभागृहात वीज गेलेली होती आणि डोक्यावरचा पंखा बंद होता. पंखा बंद असला की माझं तोंड आपोआप मिटतं. ही सवय मला तूच लावलीस.

परवा वहिनींनी विचारलं, "भाऊजी, तुम्ही दोघं त्या मागच्या खोलीत एवढे वर्ष करत काय होते?" बघ, इतकी वर्षं संसार केलास आणि हे मला सांगावं लागलं. मी म्हटलं, वहिनी, तिथं एक काचेची नळी आहे. केसाएवढी बारीक. ती खारट द्रावणानं भरायची, दोन्ही टोकं दोन छोट्या कुप्यांत बुडवायची आणि जोरदार वीज लावायची. मग पाण्याच्या थेंबात जे जे भारित असेल ते नळीतून धावायला लागतं. हलकं पुढे, जड मागे. वाटेत एका जागी नळीला खिडकी केलेली असते, तिच्यातून उजेड आरपार सोडलेला असतो. खिडकीसमोरून काही गेलं की उजेड थोडा अडतो आणि पडद्यावरची रेघ वर उचलली जाते. आम्ही तिला टेकडी म्हणतो. काही गेलं नाही तर रेघ सरळ. ती बेसलाइन. या सगळ्याचं नाव कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस, पण ते तुम्ही लक्षात ठेवू नका, मलाही मुलाखतीत आठवलं नव्हतं.

"मंग अडचन काय होती?" वहिनी म्हणाल्या.

अडचण ही की नळी केसाएवढी, म्हणजे उजेडाला ओलांडायला जागाही केसाएवढीच. सावली पडणार ती किती पडणार? पदार्थ भरपूर असेल तर दिसतो. थोडका असला की त्याची टेकडी इतकी बुटकी की रेघेच्या स्वतःच्या थरथरीत हरवून जाते. मग त्या यंत्राची नजर तेज करायची. ती कशी करायची, यावर आमचं भांडण. मी म्हणायचो टेकडी मोठी करू, गजू म्हणायचा आधी थरथर कमी करू.

"आन् जिंकलं कोन?"

"निकाल लागायचा होता," मी म्हटलं, आणि वहिनी चहाचं बघायला आत गेल्या.

तुझा तो थरथर कमी करण्याचा छंद! द्रावण गाळून घे. दिवा चांगला तापू दे. दार लाव. नळीवर वारा लागला तर ती गार होते, रेघ वाहवते, म्हणून पंखा बंद. वर्ध्याच्या मे महिन्यात पंखा बंद! तू घामानं भिजून पडद्याकडे असा बघत बसायचास की जणू रेघ तुझ्याकडे बघून हसणार आहे. मी शेजारच्या खुर्चीवर. मला गप्प बसवत नाही हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी एखादी गोष्ट सुरू करायचो, ती रंगात यायची, आणि तू पडद्यावरून नजर न काढता एक बोट वर करायचास. "चूप बैस, सुध्या. बेसलाइन हलते."

मी किती वाद घातला तुझ्याशी. आवाजानं उजेड हलत नाही बाप्पा, अकरावीच्या पोराला विचार. तू म्हणायचास, "दुसऱ्याच्या आवाजानं नाई हलत. तुया आवाजानं हलते." मी पुरावा मागितला की तू पडद्याकडे बोट दाखवायचास. आणि खरंच, रेघेवर काटे उठलेले असायचे. मी चिडून म्हणायचो, योगायोग. तू म्हणायचास, "मंग चूप बसून पाह्य." मी काही कधी चूप बसून पाहिलं नाही. पुराव्याची मला तितकी गरज नव्हती.

पंख्यावरून आठवलं. तू नागपूरला गेला होतास तेव्हा मी त्या खोलीत कूलर लावला होता. पंखा नको ना, ठीक आहे, कूलरबद्दल तू काही बोलला नव्हतास. वाळ्याच्या ताट्या भिजवल्या, खोलीत असा सुगंध सुटला की देवघरात बसल्यासारखं वाटलं. मग वीज लावली. ओल्या हवेत ती नळीतून कशाला जाईल? तिनं बाहेरूनच उडी मारली. चट्ट असा आवाज, निळी ठिणगी, यंत्र ठप्प. तू परत आलास, दारातच थांबलास, नाक वर करून वास घेतलास. मी काहीच बोललो नव्हतो. तू एवढंच म्हणालास, "वाळा आनला का बे?" आणि पुढचा आठवडाभर ते यंत्र उघडून पुसत बसलास. मला पुसू दिलं नाहीस.

आणि सोनार! ते तरी तू विसरणार नाहीस, जिथं असशील तिथं. माझा पक्ष टेकडी मोठी करण्याचा. मला वाटायचं, नळी खिडकीपाशी जराशी फुगवली, एखाद्या फुग्यासारखी, तर उजेडाला जास्त जागा मिळेल, सावली दाट पडेल. असं करतात जगात, हे तूही मान्य केलंस. पण ती नळी आपल्या प्रयोगशाळेतल्या बर्नरला दाद देईना. मग मला सोनाराची फुंकणी आठवली. तू नाही नाही म्हणत होतास, मी तुला गाडीवर मागे बसवून सराफ्यात नेलं. सोनारकाकांनी नळी चिमट्यात धरून उजेडाकडे केली. म्हणाले, "सर, हा केस कोनाचा हाय?" मी त्यांना विज्ञान समजावलं. त्यांनी मान डोलावली, ज्योत बारीक केली, फुंकर घातली, आणि नळी गेली. कुठं गेली ते त्यांनाही कळलं नाही. इतकी हलकी ती, ज्योतीबरोबर उडाली. मग आपण दोघं त्यांच्या दुकानात गुडघ्यांवर. वर्ध्यातले दोन प्राध्यापक, सोनाराच्या जमिनीवर, जिथल्या धुळीतही सोनं सापडतं, हातानं धूळ गोळा करतायत. काकांनी ज्योत विझवली. मग हळूच म्हणाले, "सर, या जमिनीवरचा केर मीच झाडत असतो."

तू बाहेर येऊन गाडीच्या सीटवर डोकं टेकवून हसलास. आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. तुला तसं हसताना पाहायला मी आणखी चार नळ्या उडवल्या असत्या.

पण सगळं हसण्यावारी नव्हतं. तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मला वडनेरला कळलं. आपण तुझ्या घरी गेलो होतो. दिलीपभाऊ नुकतेच धुऱ्याबांधांवर तणनाशक फवारून आले होते आणि विहिरीच्या ओट्यावर पंप धुवत होते. हिरवट पाणी ओट्यावरून वाहत होतं. थोरला भाऊ आहे म्हणून तू आधी चप्पल काढलीस, पाया पडलास, मग म्हणालास, "दादा, पंप इथी काऊन धुतं?"

"मंग कोठी धुऊ? पानी इथी हाय."

"विहिरीत जाते ना थे."

"गेलं असतं तं दिसलं असतं. औषध हिरवं हाय. पाह्य वाकून, पानी कसं हाय." मग म्हणाले, दुकानदारानं सांगितलंय, माती त्या औषधाला घट्ट धरून ठेवते, खाली झिरपूच देत नाही.

तू म्हणालास, माती धरते हे खरं आहे. "पन दादा, ओट्यावर माती कोठी हाय?"

दिलीपभाऊंचा हात थांबला. मग त्यांनी पंप पालथा केला, उरलेलं पाणी झटकलं आणि म्हणाले, "तू मशीनवाला हायेस ना? मंग दाखव मले. दाखवलं तं मानतो. नुसतं सांगू नोको."

तेवढ्यात तुझी माय दोन पेले पाणी घेऊन आली. त्याच विहिरीचं. मी मोठ्यानं पाण्याची तारीफ केली, आणखी एक पेला मागितला. तूही प्यालास. पिऊन झाल्यावर पेल्याच्या तळाशी बघत बसलास. परत येताना हिंगणघाटपाशी तू गाडीवर मागून, वाऱ्यात, माझ्या कानाशी म्हणालास, "माय तेच पेते, सुध्या. नळ आला तरी तेच पेते." 

त्यानंतर तुला कुठलीही नळी, कुठलीही टेकडी नको होती. तुला ते एकच पाणी बघायचं होतं. आपलं यंत्र तेव्हा जितकं पाहू शकत होतं त्यात वडनेरचं पाणी घातलं की रेघ सरळ यायची. मी म्हणायचो, झालं, नाही म्हणून सांग भावाला, मायलाही सांग, मोकळा हो. तू ऐकायचा नाहीस. "नाई आन् दिसलं नाई, हे एक नाई. दादाले मी 'नाई' म्हनलो आन् थे असलं तं?"

मग मी मदतीला धावलो. धावलो म्हणजे हिंगणघाटला लग्नाला गेलो होतो, येताना वडनेरहून पाणी भरून आणलं. घरून सरबताची काचेची बाटली नेली होती, घासून, उकळून, वाळवून. इतकी स्वच्छ बाटली आमच्या घरात पुन्हा झाली नाही. तू रजेवर होतास. मी एकट्यानं यंत्र लावलं, पंखा बंद केला, आणि रेघ कशी आली म्हणतोस, गवंड्याच्या ओळंब्यासारखी! ती थोडीफार लुकलुक असायची तीसुद्धा नाही. मी पेढे घेऊन तुझ्या घरी. "विहीर साफ!" तू पेढा तोंडात टाकलास आणि विचारलंस, "कायच्यात आनलं?" मी बाटलीचं वर्णन केलं. तुझं चावणं थांबलं.

"थे काचेले चिपकते, सुध्या. पानी साफ नाई झालं. बाटली भरली."

मी हार मानणारा नव्हतो. म्हटलं, "मंग आपली नळी का लाकडाची हाय? थे बी काचच ना?" तुला इतकं हसू आलं की पेढा घशात अडकला आणि वहिनी पाणी घेऊन धावल्या. मग तू डोळे पुसत समजावलंस की नळीतल्या द्रावणात आपण आम्ल घालतो, त्यानं तिची भिंत शांत होते, कुणाला धरत नाही. बाटलीला कोण समजावणार? आणि म्हणालास, बरं झालं दादाला फोन नाही केलास. मी करणारच होतो, गजू. फोन चार्जिंगला लावलेला होता म्हणून वाचलो.

तेव्हापासून नमुना प्लास्टिकच्या कॅनमध्ये. 

आणि मग तुझी ती पाणी घालायची कल्पना. खरं सांगतो, मला वाटलं उन्हानं तुझं डोकं फिरलं. वडनेरचं पाणी जड, क्षारांनी भरलेलं. तू म्हणालास, यात शुद्ध पाणी मिसळून ते पातळ करू, म्हणजे जास्त दिसेल. मी म्हटलं, लेका, आमच्या बोरगावचा दूधवाला तेच करतो, पण दूध घट्ट झालेलं मी पाहिलं नाही. आलुबोंड्याची पैज लागली. तू फळ्यावर बस स्टॅंड काढलंस, चक्क. मोकळं मैदान, आणि एसटीचं दार. मैदान मोकळं असलं की माणसं सुसाट धावतात, दाराशी आली की अडकतात, एकावर एक गोळा होतात. नमुना पातळ म्हणजे मैदान मोकळं. त्यातला पदार्थ धावत नळीतल्या खारट द्रावणाच्या सीमेशी येतो, तिथं मंदावतो आणि सगळा एका जागी गोळा होतो. मग तो गोळाच्या गोळा खिडकीसमोरून जातो. पण मैदानातच क्षारांची गर्दी असेल तर धावणार कोण?

मी म्हटलं, चित्र चांगलंय, पण एसटीत माणसं कमी करून गर्दी वाढत नाही. तू पाणी घातलंस. टेकडी उभी राहिली. अर्थात तो नमुना आपण हातानं तणनाशक मिसळून केलेला होता, आपल्याच शुद्ध पाण्यात आणि मग बोरगावच्या नळाच्या पाण्यात. पण इतका थोडका की आधी कधी दिसला नव्हता. मी माझ्या फुगवलेल्या नळीचा विषय त्या दिवसापासून काढला नाही. तू माझाही आलुबोंडा खाल्लास आणि तोंड पुसून म्हणालास, आता वडनेर. सुट्ट्या लागल्या की कॅन घेऊन जाऊ.

सुट्ट्या लागल्या. तू नव्हतास.

तेरवीनंतर दिलीपभाऊ आले. घरी नाही, कॉलेजात, त्या मागच्या खोलीत. हातात कॅन. बसा म्हटलं तर बसले नाहीत, तुझ्या खुर्चीकडे बघत उभे राहिले. "सर, प्लास्टिकचीच हाय," ते म्हणाले. "गजूनं फोनवर सांगतलं होतं, काचेत नोको आनू." मी कॅन घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी लगेच सोडली नाही. "मले समजून घ्याचं हाय," म्हणाले. "थो असता तं मी म्हनलो असतो, राहू दे तुया मशीनचं. आता मले समजून घ्याचं हाय."

गजू, मी त्या दिवशी जितका घाबरलो तितका माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेलाही घाबरलो नव्हतो. तिथं निदान तू बाहेर उभा होतास. यंत्रात अजून तुझीच नळी होती. तिची खिडकी तू केलेली, लायटरच्या ज्योतीवर वरचं तपकिरी आवरण जाळून, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून. माझ्या हातून अशा किती खिडक्या मोडल्या ते तुला माहीत आहे. म्हणून मी तिला हातच लावला नाही. द्रावण गाळून घेतलं. दिवा तापू दिला. वडनेरच्या पाण्यात शुद्ध पाणी मिसळलं, दूधवाल्याचं स्मरण करून. दार लावलं. पंखा बंद केला. आणि मी चूप बसलो. कुणी न सांगता.

रेघ सरळ चालली. चालत राहिली. ज्या जागी ते यायला हवं ती जागा जवळ आली तसा मी श्वासही आखडता घेतला. आणि मग ती उठली. एवढुशी. झोपलेल्या माणसानं पांघरुणाखाली गुडघा वर करावा तशी. मी तुझ्याकडे वळून बघितलं, सवयीनं.

नंतर तू केलं असतंस ते सगळं केलं. त्याच पाण्यात ते तणनाशक मुद्दाम थेंबभर मिसळून पुन्हा धाववलं. तीच टेकडी उंच झाली, शेजारी दुसरी आली नाही. तसल्याच कॅनमधून नुसतं शुद्ध पाणी घेऊन बघितलं, काही नाही. म्हणजे कॅनचा दोष नव्हता, माझाही नव्हता, आणि हे दुसरं मी दोनदा तपासलं. ते विहिरीत होतं.

दिलीपभाऊ दुसऱ्या दिवशी आले. मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी वाकून बघितलं.

"हे एवढुसं?"

"एवढुसंच."

"म्हंजे हाय."

"हाय, भाऊ." मी सांगितलं की फार थोडं आहे, आणि हे एवढं थोडं किती वाईट, ते सांगणारा मी माणूस नव्हे. पण माती त्याला खाली जाऊ देत नाही, म्हणजे आलं ते वरून आलं. ओट्यावरून.

त्यांनी पडद्यावरच्या त्या टेकडीवर बोट टेकवलं. मग म्हणाले, "गजूनं दाखवलं असतं तं मी भांडलो असतो, सर. मशीन खोटी हाय म्हनलो असतो. लहानपनापासून त्याचं कधी ऐकलं नाई मी."  गमछ्यानं तोंड पुसलं. "आता कोनासंग भांडू?"

 तुझ्या कुटुंबात मला गप्प करणारी माणसं फार.

आता पंप वावराच्या दुसऱ्या टोकाला धुतात, मातीत खड्डा करून. माय नळाचं पाणी पिते. पिते आणि नावं ठेवते. मी गेलो तर मला ऐकवलं, "चव ना ढव. सुधाकरनं माई विहीर बाटवली." मी म्हटलं, माय, मी नाही, गजूनं. ती म्हणाली, "त्याचं नाव नोको घेऊ, थो असं करनारा नाई," आणि मला नळाचंच पाणी आणून दिलं.

तुला हे सगळं सांगायचं होतं, म्हणून मी परवा पुन्हा त्या खोलीत गेलो. आणखी एक कारण होतं. तुझ्यामाझ्यातला तो आवाजाचा एक वाद शिल्लक होता, आणि आता तुझ्याकडून आडकाठी येणार नव्हती. नळीत नुसतं शुद्ध पाणी सोडलं. पंखा बंद. दार बंद. रेघ सरळ लागली आणि मी तुझ्या खुर्चीकडे तोंड करून बोलायला सुरुवात केली. मोठ्यानं. आधी कूलरची गोष्ट सांगितली. रेघ सरळ. पेढ्याची सांगितली. सरळ. वहिनी काय म्हणाल्या, माय काय म्हणाली, सगळं सांगितलं. ओळंब्यासारखी सरळ. मी म्हटलं, "हरलास लेका. इतकी वर्षं मला फुकट चूप बसवलंस." 

जिंकल्यावर काय करायचं असतं ते मला सुचेना. खोलीत कुणी नव्हतं.

एकदाच तू मला बोल म्हणाला होतास. माझे बाबा गेले तेव्हाची गोष्ट. दिवस झाल्यावर मी कॉलेजात आलो आणि थेट त्या खोलीत येऊन बसलो. तुझं काम ऐन मध्यावर आलेलं, रेघ सुंदर चाललेली. मी गप्प बसलो होतो. थोडा वेळ तू पडद्याकडे बघितलंस, थोडा वेळ माझ्याकडे. मग उठलास आणि पंखा लावलास. रेघ वाहवत गेली, सगळं वाया गेलं. तू खुर्ची माझ्याकडे वळवलीस. "बोल, सुध्या." मी संध्याकाळपर्यंत बोललो. तू ऐकत होतास. याबद्दल मी तुला कधी काही म्हणालो नाही. हेही कधी म्हणालो नाही की मला त्या नळीची, त्या टेकड्यांची तितकी ओढ कधीच नव्हती. मी त्या खोलीत तुझ्या शेजारी बसायला येत होतो.

तर, जिंकून बसलो होतो. रेघ अजून चालूच होती, म्हणून सोनाराची गोष्टही सांगून टाकावी म्हटलं. ती तुझी आवडती. ज्योत, फुंकर, नळी उडाली, आपण दोघं गुडघ्यांवर. आणि मी काकांच्या आवाजात म्हणालो, "सर, या जमिनीवरचा केर मीच झाडत असतो," आणि हसू फुटलं, आणि हसता हसता मी टेबलावर थाप मारली.

रेघेवर काटा उठला. सुईसारखा, उंच.

मी माझ्या हाताकडे बघितलं. मग पुन्हा हळूच थाप मारली. पुन्हा काटा. तोंडानं कधीच काही झालं नव्हतं, गजू. माझा हात होता तो. गोष्टीत हसू फुटलं की टेबलावर पडणारा. म्हणजे बेसलाइन खरंच हलत होती आणि खरंच माझ्यामुळे हलत होती. तुझ्या नजरेतून केसाएवढी गोष्ट सुटत नसे. माझा हात सुटला असेल, हे मी मानत नाही. मग 'हात आवर' का नाही म्हणालास? चूप बस म्हणत राहिलास, आणि मी चूप बसणार नाही हे ठाऊक असून म्हणत राहिलास. हे विचारायचं राहून गेलं.

तो काटा आला तशी ती धाव वाया गेली. तू असतास तर पुन्हा लाव म्हणाला असतास. मी पुन्हा लावली. नळी धुऊन घेतली, दार लावलं, पंखा बंद केला. मग दोन्ही हात मांडीखाली दाबले, आणि तुला तेरवीच्या वांग्यांची गोष्ट सांगायला घेतली.